हेपवार, फाळके आणि आमची गच्ची

घरातला मुलगा बिघडला की त्याला समजावून सांगायला एक काका लागतो. वडिलांचा उपयोग नसतो, कारण वडील रागावतात. आईचा नसतो, कारण ती रडते. मामामंडळी तर आतून मुलालाच सामील असतात. उरतो तो काका. आमच्या घराण्यात ही जागा गेली चाळीस वर्षे माझ्याकडे आहे. मी अंबाजोगाईला शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. गणिताचे आणि इंग्रजीचे मास्तर चित्रकलेच्या मास्तराला मास्तर समजत नाहीत हे खरे. पण नातेवाइकांना एवढा बारकावा कळत नाही. ‘मास्तर आहे, समजावून सांगेल’ एवढ्यावर त्यांचे भागते. आजवर मी एकाला सैन्यात जाण्यापासून, दोघांना शेअरबाजारापासून आणि एकीला कविता करण्यापासून परावृत्त करायला गेलो आहे. पैकी सैन्यात गेलेला सुभेदार होऊन निवृत्त झाला, शेअरबाजारवाल्यांनी गाड्या घेतल्या आणि कविता करणारीचे दोन संग्रह निघाले. पण हा इतिहास कुणी तपासत नाही. नवा मुलगा बिघडला की फोन मलाच येतो.

2024 च्या दिवाळीत तसा तो आला. थोरले बंधू, म्हणजे आण्णा, केज तालुक्यातल्या आमच्या गावाहून बोलत होते.

“अरे, ऐकायलास का? हा पुण्याची नोकरी सोडून आलाय.”

“कोण?”

“आमचं रत्न. सिनेमा काढतो म्हणायलाय.”

“काढू दे की. पोरं काढतात सुटीत काहीतरी मोबाइलवर.”

“तसला नाही रे, खराखुरा. स्वतंत्र दिग्दर्शक व्हायचंय म्हणे. मी विचारलं, स्वतंत्र म्हणजे काय रे बाबा? तर म्हणला, ज्याला पैसे देणारा कुणी नसतो त्याला स्वतंत्र म्हणतात.” आण्णांनी घसा खाकरला. “तसं बघितलं तर आपला सगळा जिल्हाच स्वतंत्र आहे की! तू ये, आन् समजावून सांग.”

आण्णांची भीती मला कळत होती. पुतण्याच्या तोंडी सारखी दोन नावे होती. एक नागराज मंजुळे यांचे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा माणूस आधी ‘पिस्तुल्या’सारखा लघुपट करतो, मग ‘फँड्री’ करतो आणि 2016 साली ‘सैराट’ करून सगळ्या महाराष्ट्राला नाचवतो, तर केज तालुक्याने काय घोडे मारले आहे, असा त्याचा सवाल होता. दुसरे नाव ‘ख्वाडा’वाल्या भाऊराव कऱ्हाडे यांचे. ‘ख्वाडा’ 2015 साली लागला आणि त्याचे कौतुक झाले, इथपर्यंत आण्णांची काही तक्रार नव्हती. पण तो पुरा करण्यासाठी त्यांनी जमीन विकली, ही माहिती पुतण्याने ऐन जेवताना दिली. आण्णांचा घास घशात अडकला. त्या रात्रीपासून ते सातबारा उशाखाली घेऊन निजत होते.

माझी अडचण मात्र निराळी होती, आणि ती मी आण्णांनाच काय, कुणालाच सांगितलेली नव्हती.

आमच्या लहानपणी गावाला जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. दुपारी बैलगाडीवर भोंगा लावून आरडाओरडा, संध्याकाळी जनरेटरची धडधड, मधे कनात घालून बाया एकीकडे आणि बाप्ये एकीकडे. तिकिटाला पैसे नसले की आम्ही तंबूच्या मागच्या अंगाला जाऊन कापड उचलून उलट्या बाजूने बघायचो. त्यामुळे माझ्या लहानपणचे सगळे नायक डावखुरे आहेत. पुढे औरंगाबादला खुर्चीत बसून सुलट बाजूने सिनेमा पाहिला तेव्हा नायकाने उजव्या हाताने तलवार उपसली, आणि मला तो नवशिका वाटला.

तर त्या उलट्या बाजूचा परिणाम असा, की 1972 साली, वयाच्या विसाव्या वर्षी, मी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे माहितीपत्रक पोस्टाने मागवले. ते नेमके आप्पांच्या हाती पडले. आप्पा निजामाच्या राज्यात तहसिलीत कारकून झालेले. 1948 नंतर राज्य बदलले, पण आप्पांची रागावण्याची भाषा बदलली नव्हती. सन 1972 म्हणजे दुष्काळाचे वर्ष. विहिरी कोरड्या, सरकारी कामांवर खडी फोडणारी माणसे, रेशनवर तांबडी मिलो ज्वारी. आप्पांनी ते पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत शांतपणे वाचले. फिल्म धुण्याच्या शिक्षणाविषयी त्यात काहीतरी होते, तिथे ते थांबले.

“गावात माणसाला प्यायला पाणी नाही,” ते म्हणाले, “आणि तू फिलम धुणार? नक्को बाबा. ये तमाशा नक्को.”

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. मी चित्रकलेची पदविका घेतली. तिला पाणी कमी लागते.

त्यानंतर मी सिनेमा काढला नाही, पण सिनेमा काढणाऱ्यांची चरित्रे वाचत राहिलो. काही माणसे स्वयंपाकाची पुस्तके वाचून पोट भरतात, त्यातलाच प्रकार. सबब पुतण्याला समजावण्यासाठी माझ्याजवळ दारूगोळा भरपूर होता. सिनेमाच्या पायी माणसाचे कसे वाटोळे होते, याचे दोन उत्तम दाखले मी पक्के केले. एक आपला, एक विलायती. एसटीत बसून मी त्यांची उजळणी केली आणि हिला घेऊन गावी पोहोचलो.

रात्री जेवणे झाल्यावर ओसरीवर सभा भरली. आण्णा, वहिनी, ही, मी, आरोपी आणि आरोपीचा कुत्रा मोत्या.

“दादासाहेब फाळके माहीत आहेत ना?” मी सुरुवात केली. “त्र्यंबकेश्वरचा मुलगा. जन्म 1870. मुंबईला जे. जे. मध्ये शिकला, बडोद्याच्या कलाभवनात शिकला. गोध्र्याला फोटोग्राफी केली. मग पुरातत्त्व खात्यात नकाशे काढायची नोकरी केली.”

“सरकारी?” आण्णा सावरून बसले.

“सरकारी. आणि सोडली.”

आण्णांनी मुलाकडे पाहून मान हलवली. दाखला लागू पडत होता. मी पुढे निघालो. छापखाना काढला, नावारूपाला आणला, भागीदारांशी बिनसले म्हणून तोही सोडला. 1911 साली गिरगावात एका तंबूत ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिला आणि डोक्यात खूळ शिरले की पडद्यावर येशू येतो तर आपला कृष्ण का येऊ नये? रात्ररात्र प्रयोग करून डोळे गमावायची वेळ आली. विम्याची पॉलिसी गहाण टाकली, आणि 1912 च्या फेब्रुवारीत, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, हा गृहस्थ एकटा लंडनला गेला. तिथे ओळखीचे कुणी नाही. ‘बायोस्कोप’ नावाचे साप्ताहिक त्याने वाचलेले होते. थेट त्याच्या कचेरीत जाऊन संपादकापुढे उभा राहिला. संपादकाचे नाव केबर्न. त्याने फाळक्यांना आधी समजावून सांगितले, की बाबा रे, या धंद्यात इथले लोकच बुडायला लागले आहेत, तू यात पडू नकोस.

इथे मी जरा थांबलो. हा केबर्न म्हणजे माझा व्यवसायबंधू. त्यानेही काकाचेच काम केले होते.

“मग फाळके परत आले?” वहिनींनी विचारले.

“नाही. त्यांनी ऐकले नाही. मग त्याच केबर्नने त्यांना हेपवर्थ नावाच्या एका चित्रपटवाल्याकडे पाठवले.”

“कोण हेपवार?” आण्णांनी विचारले. “नांदेडकडचा का?”

“हेपवर्थ, आण्णा. सेसिल हेपवर्थ. इंग्रज. लंडनजवळ वॉल्टनला त्याचा स्टुडिओ होता.”

“तेच ते. मग हेपवारनं काय केलं?”

त्या रात्रीपासून आमच्या घरात सेसिल हेपवर्थ हा हेपवारच राहिला. काय केले म्हणजे, त्याने परदेशातून आलेल्या या अनोळखी माणसाला आपला सगळा स्टुडिओ हिंडून दाखवला, कॅमेरा कसा चालतो, फिल्म कशी धुतात हे समजावले. फाळक्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडायचे यंत्र घेतले आणि एप्रिलमध्ये ते परत आले. आधी कुंडीत एक दाणा लावून त्याचा वेल होईपर्यंत रोज थोडे थोडे चित्रण केले, आणि मिनिटाभरात उगवणारे ते रोप दाखवून भांडवल मिळवायची खटपट केली.

“मिनिटात उगवलं?” आण्णा. “पाणी?”

“आण्णा, ते चित्रात.”

पुढे 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तारामतीचे काम करायला बाई मिळेना, म्हणून हॉटेलातला साळुंके नावाचा आचारी तारामती झाला. आणि तोच साळुंके 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम झाला आणि सीताही झाला.

“बरं झालं की,” ही म्हणाली. “भांडण नाही.”

मी घाईने शेवटाकडे आलो, कारण माझा सगळा भर शेवटावर होता. ‘लंकादहन’ने पैसा ओतला, नाणी बैलगाडीतून न्यावी लागली म्हणतात. पण भांडवलदार आले, कंपनी झाली, खटके उडाले, फाळके कंटाळून काशीला जाऊन बसले. परत आले तोवर जमाना पालटला होता. बोलपट आला. ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट 1937 साली कोल्हापूरला झाला, आणि 16 फेब्रुवारी 1944 ला नाशकात ओढग्रस्तीत ते गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला 1969 साली.

“म्हणजे गेल्यावर पंचवीस वर्षांनी,” मी बजावले.

“आणि त्यांची बायको?” हिने विचारले.

हा प्रश्न माझ्या उजळणीत नव्हता. “सरस्वतीबाईंनी दागिने दिले,” मी सांगितले. “शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या, रात्री अंधारात बसून फिल्मला भोके पाडायच्या, फिल्म धुवायच्या, आणि दिवसा उजेड परतवायला पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहायच्या.”

“माझ्या पाटल्या मागायच्या नाहीत, आत्ताच सांगते,” ही म्हणाली. पण आवाजात धमकीपेक्षा कुतूहल जास्त होते. वहिनी तर पदराला हात पुसून पुढे सरकून बसल्या होत्या. मला पहिल्यांदा शंका आली की दाखला हातातून निसटायला लागला आहे.

म्हणून मी दुसरा काढला. हेपवर्थचाच. जन्म 1874. वडील जादूच्या कंदिलाची चित्रे दाखवत व्याख्याने देत फिरायचे. तेविसाव्या वर्षी, 1897 साली, पोराने चलच्चित्रांवर पुस्तक लिहिले. वॉल्टनला एक घर घेऊन त्याच्या परसात तो चित्रपट काढू लागला. 1905 साली त्याने ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ नावाचा सहा-सात मिनिटांचा चित्रपट काढला. पळवून नेलेले बाळ घरचा कुत्रा शोधून काढतो, एवढीच गोष्ट. गोष्ट लिहिली बायकोने, बाळाची आई झाली बायको, बाप झाला हेपवर्थ, बाळ त्यांचे स्वतःचे आणि कुत्राही घरचा. दिग्दर्शन फिट्झहॅमन नावाच्या गृहस्थाचे. एकूण खर्च सात पौंड, तेरा शिलिंग, नऊ पेन्स. आणि खपल्या जवळजवळ 400 प्रती. निगेटिव्ह झिजून गेली म्हणून सगळा चित्रपट पुन्हा काढावा लागला, तीही झिजली म्हणून तिसऱ्यांदा काढावा लागला.

“बघा!” पुतण्या पहिल्यांदाच बोलला. “घरातली माणसं, घरचा कुत्रा!”

सगळ्यांनी मोत्याकडे पाहिले. मोत्याने शेपटी हलवली.

“पुढचं ऐक,” मी आवाज चढवला. “हा हेपवर्थ शेवटपर्यंत आपल्याच पद्धतीने चित्रपट काढत राहिला. एका दृश्यातून दुसऱ्यात खटकन उडी मारणे त्याला पसंत नसे. एक दृश्य हळूहळू विझायचे, दुसरे हळूहळू उजळायचे. जग पुढे गेले, अमेरिकेचे चित्रपट आले, हा तिथेच. कर्ज काढून स्टुडिओ वाढवायला गेला आणि 1924 साली दिवाळे वाजले. सगळ्या आयुष्याच्या निगेटिव्ह कवडीमोलाने विकल्या गेल्या आणि बहुतेक वितळवून टाकल्या. म्हातारपणी हा माणूस दुसऱ्यांच्या चित्रपटांचे ट्रेलर बनवायची नोकरी करत होता. 1953 साली गेला. कळले?”

ओसरीवर शांतता पसरली. आण्णांनी समाधानाने सुपारी कातरायला घेतली. मला वाटले, जिंकलो.

“काका,” पुतण्या म्हणाला, “एक विचारू? फाळके त्याला काय लागत होते?”

“कोण, हेपवर्थला? काही नाही.”

“मग त्यानं सगळं दाखवलं का? न दाखवता पण चाललं असतं. उद्या हा माणूस आपलाच धंदा काढणार हे त्याला दिसत होतं की.”

मला उत्तर आले नाही. पस्तीस वर्षे मास्तरकी केली, पण असा प्रश्न तपासणीलासुद्धा कुणी विचारला नव्हता. रात्री अंथरुणावर पडून मी विचार करत राहिलो. त्या केबर्नने आधी नको म्हटले, आणि हा ऐकत नाही असे दिसल्यावर स्वतःच दार दाखवून दिले. हेपवर्थने ते दार उघडले. एवढे दोघे जण भेटले म्हणून फाळके परत येताना कॅमेरा घेऊन आले. नाहीतर नुसताच प्रवास झाला असता. माझ्यावेळी नको म्हणणारे भेटले, पण दार दाखवणारा कुणी भेटला नाही. आणि आता पन्नास वर्षांनी मी स्वतः ओसरीवर बसून काय करत होतो, तर अर्धाच केबर्न!

“झोप येत नाही का?” ही म्हणाली.

“फाळक्यांनी पॉलिसी गहाण टाकली,” मी म्हणालो. “माझी तर केव्हाच पिकली.”

“पिकली आणि माझ्या गुडघ्यात बसली,” ही म्हणाली. हे खरे होते. गुडघ्यांचे ऑपरेशन त्याच पैशांत झाले होते. थोडा वेळ गेला. मग अंधारातून हिचाच आवाज आला, “गच्चीचे साठ हजार आहेत.”

आमच्या अंबाजोगाईच्या घराची गच्ची गळते. तिला वरून लेप द्यायचा म्हणून तीन वर्षे साठवलेले ते साठ हजार होते. पण बीड जिल्ह्यात गच्ची गळते की नाही हे कळायला आधी पाऊस पडावा लागतो. मी हवामानाचा, जिल्ह्याच्या लौकिकाचा आणि आप्पांच्या आत्म्याचा विचार केला. इतक्या वर्षांत पाणी आडवे आले होते. एकदा पाण्याचा अभावही कामाला येऊ दे, असे मनाशी म्हणालो आणि सकाळी पुतण्याला आकडा सांगितला. आण्णा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी हिशेबाची वही मागवली आणि स्वतःला खजिनदार नेमले. उरलेले पैसे पुतण्याने मित्रांकडून लोकवर्गणीने जमवले. त्याला तो काहीतरी इंग्रजी शब्द वापरत होता, पण आण्णांनी गणेश मंडळाचे उरलेले पावतीपुस्तक काढले आणि प्रत्येकाला पावती फाडली.

खरे तर स्वतंत्र निर्मिती आमच्या भागाला नवी नाही. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी चारशे वर्षांपूर्वी चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा एका पासोडीवर अख्खे ‘पंचीकरण’ लिहून काढले. कापड घरचे, शाई घरची, कुणाची ना हरकत ना भांडवल. एवढा मोठा पडदा पंचक्रोशीत त्यानंतर झाला नाही.

चित्रीकरण 2025 च्या जानेवारीत पाच दिवस झाले. आमचे निम्मे गाव तेव्हा रिकामे असते. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली माणसे बिऱ्हाड ट्रकात आणि ट्रॅक्टरात घालून पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांना ऊस तोडायला जातात. तिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून मोजतात. दोन माणसांचे मिळून एक हत्यार होते. मागे राहतात म्हातारी माणसे, काही पोरे आणि कुत्री. पुतण्याची गोष्ट या मागे राहिलेल्यांची होती. एक आजोबा, एक नातू आणि ट्रकामागे धावत जाऊन तिसऱ्या दिवशी परत येणारा एक कुत्रा. आजोबा मी. नातू शेजारचा. कुत्रा मोत्या. वहिनी दुलईचे पांढरे आवरण धरून उन्हात उभ्या होत्या. “सरस्वतीबाईंनी धरलं, मला काय होतंय,” म्हणत होत्या. ही कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या पंधरा जणांना पिठले-भाकरी करून घालत होती.

हेपवर्थला आपला चित्रपट तीनदा काढावा लागला, कारण निगेटिव्ह झिजली. आम्हाला ट्रकामागे धावण्याचे दृश्य अकरा वेळा काढावे लागले, कारण मोत्या धावेना. गाव सोडून जाणाऱ्यामागे धावायचे असते हे त्याला मान्यच नव्हते. शेवटी ट्रकात भाकरी ठेवली, तेव्हा धावला. त्यात काही खोटेही झाले नाही. आमच्याकडची माणसेसुद्धा त्याच कारणाने ट्रकात चढतात.

माझे काम सोपे होते. पारावर बसून ट्रक दिसेनासा होईपर्यंत बघायचे. मी पहिल्या वेळी डोळ्यांत पाणी आणले. पुतण्या म्हणाला, “काका, थोडं कमी.” दुसऱ्या वेळी हात थरथरवला. “काका, काही करू नका. नुसतं बघा.” नुसते बघणे हे किती अवघड काम आहे ते मला त्र्याहत्तराव्या वर्षी कळले. पाचव्या वेळी मी दमून खरोखरच नुसता बघत बसलो. ट्रक गेला. धूळ बसली. आण्णा हिशेबाची वही घेऊन बाजूला उभे होते. ते एकदम हळू आवाजात म्हणाले, “तू थेट आप्पांसारखा दिसायलास.”

“कधीचे आप्पा?”

“बहात्तरचे. तुझं ते पत्रक वाचून झाल्यावर असेच बसले होते पारावर. लै वेळ.”

म्हणजे आण्णांना ते पत्रक माहीत होते! आणि मी इतकी वर्षे समजत होतो की आप्पांनी ते मिटले आणि विषय संपवला. पन्नास वर्षे मी त्या गोष्टीची एकच बाजू पाहिली होती, तीही तंबूच्या मागून.

मे महिन्यात, ऊसतोडीला गेलेली माणसे परतल्यावर, मारुतीच्या देवळासमोर चादर बांधून खेळ झाला. भाड्याचा प्रोजेक्टर होता. सात वाजता सुरू होणार म्हणून साडेसातला वीज गेली आणि नऊला आली. तोवर कुणी उठले नाही. तेवीस मिनिटांचा चित्रपट. पोरे सवयीप्रमाणे चादरीच्या मागे गेली, त्यामुळे त्यांचा मोत्या उलट्या दिशेने, म्हणजे गावाकडेच धावला. मी कोयत्याला धार लावतो असे एक दृश्य होते, तिथे पुढे बसलेली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “म्हातारं बरं दिसतंय, पर कोयता कधी धरलेला नाही त्यानं.” जन्मभर ब्रश धरलेल्या माणसाची एवढी अचूक परीक्षा एकाही समीक्षकाने केली नसती.

चित्रपट संपला. टाळ्या पडल्या नाहीत. नुकतीच कारखान्यावरून आलेली एक बाई आपल्या सात-आठ वर्षांच्या पोराला विचारत होती, “आमी गेल्यावर तू असाच बसतूस का रं पारावर?” पोराने तिच्याकडे बघितले नाही. “कुत्रं परत लावायला सांग,” एवढेच तो म्हणाला. तिने पुतण्याला सांगितले आणि पुतण्याने सगळा चित्रपट पुन्हा पहिल्यापासून लावला. हेपवर्थला तीनदा काढावा लागला होता. आम्हाला त्या रात्री तीनदा दाखवावा लागला. आण्णांनी वहीत ‘उत्पन्न’ या सदरात काय लिहावे याचा पुष्कळ विचार केला आणि शेवटी ‘खेळ 3’ असे लिहिले.

एवढ्यावर पुतण्याचे भले झाले असे समजू नका. चित्रपट तीन महोत्सवांना पाठवला. एकाने नाही कळवले, एकाने काहीच कळवले नाही, आणि तिसऱ्याने फी घेऊन नाही कळवले. तो सध्या पुण्यात लग्नांचे व्हिडिओ काढतो आणि उरलेल्या वेळात स्वतंत्र असतो. मी त्याला म्हणालो, हेपवारनेसुद्धा शेवटी ट्रेलरच बनवले. तो म्हणाला, “काका, तुमचा दाखला अजून संपला नाही का?”

आणि मग 2025 चा सप्टेंबर आला. सगळ्या मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. नद्या शेतांतून वाहिल्या, पिके गेली, माती खरवडून गेली. आण्णांचे सोयाबीन तीन दिवस पाण्याखाली होते. त्या मानाने आमची गच्ची गळणे ही बोलायची गोष्ट नव्हे. पण गळली, आणि साठवलेले साठ हजार वसूल करावेत अशा जिद्दीने गळली. घरातली सगळी भांडी जमिनीवर मांडलेली, मी आणि ही मधल्या कोरड्या चौकोनात पाटावर बसलेलो. पितळी घंगाळ्यात एक धार, पातेल्यात एक, हिच्या पोळ्यांच्या डब्यात एक.

पावसात अडकलेला पुतण्या त्याच रात्री भिजत आला. आता हा गच्चीकडे बघून काहीतरी बोलेल, निदान ओशाळेल, असे मला वाटले. तो दारातच थबकला. त्याने वर पाहिले, खाली पाहिले, कान दिला, आणि पिशवीतून कॅमेरा काढला.

“काका, काकू, हलू नका,” तो म्हणाला. “आवाज फार सुंदर यायलाय.”

“अरे, पण आम्ही करायचं काय?” ही म्हणाली.

“काही नाही काकू. नुसतं बघा.”

मी हिला हळूच समजावून सांगितले, की ते वाटते तितके सोपे नसते.